डोईपट्टीच्या वर्षी मी थंड राहिलो

मी एक जुना पितळी कंगवा आहे. तुमच्या खिशात मावतो तो प्लास्टिकचा, दोन महिन्यांत बोळका होणारा कंगवा डोळ्यांसमोर आणू नका. माझे दात जाड आहेत, मूठ लाकडाची आहे आणि ती जागोजागी करपलेली आहे. मी शेगडीवर तापायचो आणि कुरळ्या केसांतून मुळापासून टोकापर्यंत फिरून ते सरळ करायचो. आमच्या धंद्यात थंड कंगव्याला काडीची किंमत नसते. म्हणून मित्रांनो, स्वस्थ पडून राहणे मला कधी जमलेच नाही. गेली कित्येक वर्षे मी एका खणात आहे आणि आतल्या आत नुसता तगमगतो आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. तिथून एका फिरत्या विक्रेतीच्या पेटीत बसून मी व्हर्जिनियाच्या दक्षिण भागात आलो. तिथे ओझेला प्रुइट नावाच्या बाईने मला हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, दातांवरून नख फिरवले आणि घासाघीस न करता विकत घेतले. हे १९४० सालचे.

ओझेला तोवर विटलोसाहेबांच्या तंबाखूच्या गोदामात पाने निवडत होती. तिथे तोंड उघडले की दुसऱ्या दिवशी घरी बसावे लागे. तिने रात्रशाळेत केशरचनेचे शिक्षण घेतले, परवाना भिंतीवर लावला आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत दुकान थाटले. गिऱ्हाइके सगळी आमच्या काळ्या वस्तीतली आणि मालकीण ती स्वतः. तिला नोकरीवरून काढण्याची सोय कोणत्याही गोऱ्या माणसाकडे उरली नाही. वस्तीत असे म्हणता येईल अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतली एक माझी मालकीण होती. मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे.

ओझेला मला शेगडीवर तापवी, मग पांढऱ्या कागदावर टेकवून पाही. कागद तपकिरी झाला तर थांबायचे, पांढरा राहिला तर चालायचे. मग ती खुर्चीतल्या बाईला म्हणे, "कान धर." बाई कानाची पाळी दुमडून धरी आणि मी कानामागून फिरे. हलली तर चटका बसे. म्हणून माझ्यासमोर सगळ्या बायका गप्प बसत, आणि माझी पाळी संपली की दुप्पट बोलत. कुणाचा नवरा काय कमावतो, कोण कुणावर रुसले आहे, शाळेत काय चालले आहे, सगळे मला ठाऊक असे.

शाळेची गोष्ट वाईट होती. गोऱ्या मुलांची शाळा विटांची होती. आमच्या मुलांचे वर्ग लाकडी फळ्यांच्या आणि डांबरी कागदाच्या शेडमध्ये भरत. हिवाळ्यात मुले कोट घालून बसत, तरी ओझेलाची लेनोरा खोकत घरी येई. विटांच्या शाळेचा ठराव काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळाने करायचा, आणि आमच्या भागातून त्या मंडळावर बसत होते तेच तंबाखूवाले विटलोसाहेब. त्यांच्याविरुद्ध दूधवाला एसा पेटस उभा राहत असे. तोही गोराच, पण उघड म्हणत असे की पोरांना विटांची शाळा द्या.

आता तुम्ही म्हणाल, मग पेटसला मते द्यायची. मित्रांनो, मत द्यायला आधी डोईपट्टी भरावी लागे. माणशी वर्षाला दीड डॉलर, आणि मागच्या तीन वर्षांची एकदम. साडेचार डॉलर! दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचा तो जवळजवळ आठवड्याचा पगार होता. १९४७ साली ओझेलाने अडतीस बायकांच्या मागे लागून, गोड बोलून, प्रसंगी डोळे वटारून ते पैसे जमवायला लावले आणि सप्टेंबरात सगळ्यांना दोन ट्रकांत घालून कचेरीत नेले. खिडकीतल्या कारकुनाने हसतमुखाने पैसे घेतले आणि प्रत्येकीला पावती दिली. नोव्हेंबरात त्या मतदानाला गेल्या तर एकीचेही नाव यादीत नाही. डोईपट्टी मतदानाच्या सहा महिने आधी, म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीलाच भरायची असते, असा कायदा होता. कारकुनाला तो पाठ होता. कुणी विचारले नाही, म्हणून त्याने सांगितले नाही.

पेटस त्या वर्षी एकतीस मतांनी पडला. आमच्या बायका होत्या अडतीस.

पुढच्या शनिवारी दुकान भरलेले असताना डेल्फीन यान्सी खुर्चीत येऊन बसली. ही ओझेलाची लहानपणापासूनची मैत्रीण, पण जिभेला हाड नाही.

"काय गं ओझेला, साडेचार डॉलर आमच्या परसात उगवतात असं वाटलं होय तुला?"

"मला तारीख माहीत नव्हती गं."

"माहीत नव्हती तर पुढारीण कशाला झालीस? केस कर नुसते. ते तरी येतात तुला."

सगळ्या बायका ऐकत होत्या. ओझेलाने मला पुन्हा कागदावर टेकवून पाहिले आणि पुढची बट हातात घेतली. त्यानंतर चार वर्षे तिने मतदानाचे नाव काढले नाही. मात्र कायद्याचे एक जुने पुस्तक पैदा करून ती रोज संध्याकाळी वाचू लागली.

१९५१ साल उजाडले. लेनोरा बारा वर्षांची झाली होती. पुन्हा निवडणूक आली, पुन्हा विटलोसाहेब आणि पुन्हा पेटस. मार्च महिन्यात एक दिवस चर्चचे कारभारी होझिया ब्लँड दुकानात आले. सगळे त्यांना डीकन म्हणत. गुडघ्यावर टोपी ठेवून ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी टेबलावर एक जाडजूड पाकीट ठेवले.

"ओझेलाबाई, देवानं दार उघडलंय असं समजा."

"दार कुणी उघडलं ते आधी सांगा, डीकन."

"विटलोसाहेबांनी. सगळ्या बायकांची तीन वर्षांची पट्टी ते भरणार. शिवाय शाळेच्या शेडवर नवा पत्रा."

"आणि पावत्या?"

"पावत्या त्यांच्याकडे राहतील. मतदानाच्या दिवशी सकाळी गाडी दारात येईल, पावती हातात मिळेल. मतपत्रिका भरायला त्यांचा माणूस सोबत असेल. तुम्हाला काही म्हणजे काही त्रास नाही."

"हात तेवढा आमचा लागणार म्हणा की."

डीकन तापले. "फार शहाणपण करू नका. मागच्या खेपेला तुमच्या शहाणपणानं काय दिवे लावले ते वस्तीनं पाहिलंय. पोरं पावसात भिजतायत, आणि तुम्हाला मानपान सुचतोय."

खरे सांगायचे तर मलाही डीकनचे बोलणे पटत होते. पत्रा म्हणजे पत्रा. कुणाच्या का पैशाचा असेना! ओझेलाने मला ओल्या फडक्यावर टेकवले, चर्र आवाज झाला, आणि ती म्हणाली, "पाकीट उचला, डीकन. इथं तेलाचे हात लागतात, डाग पडेल."

डीकन पाकीट घेऊन गेले, पण ते सरळ घरी गेले नाहीत. वस्तीत आणखी दारे होती.

आता पैसे आणायचे कुठून? ईस्टर तोंडावर आला होता. मित्रांनो, आमच्या वस्तीत ईस्टर म्हणजे माझा सण. त्या आठवड्यात मी सकाळी सहाला तापायचो तो रात्री दहापर्यंत थंड व्हायचो नाही. ईस्टरच्या प्रार्थनेला केस सरळ न करता जाणे म्हणजे अनवाणी लग्नाला जाणे. पोटाला चिमटा काढून बायका त्या दिवसासाठी दीड डॉलर बाजूला ठेवत. होय, केस करण्याचा दरही दीड डॉलरच होता.

ईस्टरच्या आधी दोन आठवडे, शनिवारी, खोली गच्च भरलेली असताना ओझेलाने सांगून टाकले.

"ईस्टरला मी कंगवा तापवणार नाही."

"बरं नाही का गं तुला?" डेल्फीनने विचारले.

"ठणठणीत आहे. ईस्टरची खेप नाही, त्यानंतर पंधरा दिवसांची नाही, आणि त्यापुढची पण नाही. तीन खेपा मला द्यायचे ते दीड-दीड डॉलर डब्यात टाका. किती झाले?"

हिशेब सगळ्यांना आला. साडेचार.

"अठ्ठावीस एप्रिलला कचेरीत जायचं. मुदत पाच मेची आहे. या वेळी मी चार ठिकाणी विचारून आलेय."

"म्हणजे देवाच्या दारात ईस्टरला आम्ही झिंज्या घेऊन यायचं?" डेल्फीन म्हणाली.

"तुम्हाला टोप्या तरी आहेत. मी गायकवृंदात बसते, तिथं टोपी चालत नाही. सगळ्या चर्चला माझ्याच झिंज्या दिसणार आहेत."

त्यावर हशा पिकला. मग मागून कुणीतरी हळूच विचारले, "सहा आठवडे तू खाशील काय?"

"परसात भाजी आहे. बरण्यांत बीन्स आहेत. तेवढी काळजी तुम्ही करू नका."

ती तसे म्हणाली, पण केस वाळवायच्या यंत्राचा हप्ता कसा द्यायचा, हे तिलाही माहीत नव्हते आणि मलाही. आणि माझ्या संतापाला तर पारावार उरला नव्हता. वर्षातला माझा एकच मोठा सण, आणि माझ्याच मालकिणीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत मला खिळ्याला टांगले! त्यात भर म्हणजे ईस्टरच्या सकाळी तिने मला काढून आपल्या पर्समध्ये टाकले. घरी राहिलो तर लेनोरा किंवा शेजारीण शेगडी पेटवेल, असा तिला संशय होता. तो संशय अगदीच खोटा नव्हता.

पर्सचा खटका सैल होता. फटीतून मला चर्च दिसत होते. टोप्याच टोप्या! डेल्फीनने तर एवढी रुंद टोपी घातली होती की तिच्या शेजारी कुणाला बसता येईना. आणि वर गायकवृंदात, पहिल्या रांगेत, माझी ओझेला उघड्या डोक्याने उभी. तिचे केस कापसाच्या बोंडासारखे फुललेले. लोक कुजबुजले, एका मुलाने बोट दाखवले, त्याच्या आईने ते खाली केले. ओझेलाचे कान तापले असावेत, पण आवाज तिने कमी केला नाही. मला वाईट वाटत होते. मी हाताशी होतो, दहा मिनिटांचे काम होते, आणि मी तिच्या काहीच उपयोगाचा नव्हतो. उपयोगाचे नसणे हाच माझा उपयोग होता, हे माझ्या पितळी डोक्यात शिरायला वेळ लागला.

अठ्ठावीस एप्रिलला मी पुन्हा पर्समध्येच होतो. कचेरीच्या पायऱ्यांवरून रांग खाली रस्त्यापर्यंत गेली होती. प्रत्येकीने स्वतः जाऊन भरायचे, असा नियम होता. खिडकीत तोच कारकून.

"आज काय भानगड आहे? केसांना काय झालं तुमच्या सगळ्यांच्या?"

"काही नाही," ओझेला म्हणाली. "तीन वर्षांची पट्टी. पावती द्या."

त्याने पावती सरकवली. तिने ती उजेडात धरली. "शिक्का पुसट आलाय. पुन्हा मारा. तारीख वाचता आली पाहिजे."

तो हसला नाही. त्याने शिक्का पुन्हा मारला. तिच्यामागून बेचाळीस जणींनी पावत्या घेतल्या आणि बेचाळीस जणींनी त्या उजेडात धरून पाहिल्या. मी सगळ्यांचे आवाज ओळखत होतो. डेल्फीनचा आवाज त्यात नव्हता.

त्या दुपारी शेगडी पेटली. सहा आठवड्यांनी मी तापलो. त्या दिवसासारखे काम मी आयुष्यात केले नाही.

पण मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी खणात इतका तगमगलो नसतो. नोव्हेंबरात पेटस पुन्हा पडला. या वेळी नऊ मतांनी. आणि विटलोसाहेबांच्या गाड्यांतून आमच्याच वस्तीतल्या चौदा जणी मतदानाला गेल्या होत्या. ओझेलाने त्यांना मोजले होते. तिसऱ्या गाडीतून उतरली ती डेल्फीन.

दहा दिवस डेल्फीन आली नाही. मग एका शनिवारी दार उघडून आत आली. दोघी बायका उठून निघून गेल्या. डेल्फीन येऊन खुर्चीत बसली आणि तिने टोपी काढली.

ओझेलाने मला शेगडीवर ठेवले. मी लाल व्हायला उत्सुक होतो. खोटे कशाला बोलू, मला तिचा कान हवा होता. ईस्टरचा माझा अपमान, उघड्या डोक्याची ओझेला, लेनोराचा खोकला, सगळे मी त्या एका चटक्यात वसूल केले असते. ओझेलाने मला कागदावर टेकवले. कागद तपकिरी झाला. ती थांबली. पुन्हा टेकवले, पुन्हा थांबली. कागद पांढरा राहीपर्यंत तिने वाट पाहिली.

"कान धर."

डेल्फीनने कान धरला. "मी त्याच्या गाडीतून गेले."

"पाहिलं मी."

"रूफस काउंटीचा रोड रोलर चालवतो. विटलोनं त्याला सरळच सांगितलं, बायको गाडीत बसली नाही तर—"

"हलू नकोस, भाजेल."

"काहीतरी बोल ना गं. शिव्या तरी घाल."

ओझेलाने एक बट पूर्ण केली, मग म्हणाली, "तुझे साडेचार डॉलर मी पाण्यात घातले होते. तू मला चारचौघांत नको नको ते बोललीस, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा याच खुर्चीत येऊन बसलीस. तेव्हा तू दुसरीकडे गेली असतीस ना, तर मी दुकानाला कुलूप लावलं असतं. मान खाली कर आता. मानेवरचे राहिलेत."

डेल्फीन मान खाली घालून रडली. मी तिच्या मानेवरून अगदी हलक्या हाताने फिरलो. म्हणजे हात ओझेलाचा होता, पण या वेळी माझे मन त्या हाताबरोबर होते.

चार वर्षांनी, १९५५ साली, डेल्फीनने आपली पट्टी आपण भरली आणि पावती आपल्या पर्समध्ये ठेवली. मतदानाच्या सकाळी विटलोसाहेबांची गाडी तिच्या दारात उभी राहिली, तेव्हा ती गाडीच्या बाजूने चालत पुढे गेली. तिच्याबरोबर आणखी अकरा जणी होत्या. पेटस सहा मतांनी निवडून आला. सोमवारी रूफसची नोकरी गेली.

त्या शनिवारी डेल्फीन केसांना आली. काम झाल्यावर ओझेला म्हणाली, "पैसे राहू देत. रूफस कामाला लागला की बघू."

डेल्फीनने दीड डॉलर टेबलावर ठेवले. "नको बाई," ती म्हणाली. "फुकट फार महाग पडतं."

विटांची शाळा पुढे झाली. लेनोराला तिच्यात शिकायला मिळाले नाही, ती तोवर मोठी झाली होती. पण तिने तिथे सव्वीस वर्षे शिकवले. १९६६ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने डोईपट्टी रद्द केली. त्याच सुमारास लेनोराने केस सरळ करणे सोडले आणि ते तसेच फुलू दिले. ओझेला दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "शोभतात तुला. पण असंच चाललं तर तुझी आई खाणार काय?" हळूहळू सगळ्या मुलींनी तेच केले. माझे काम कमी झाले, मग थांबले. ओझेला गेल्यावर लेनोराने मला मऊ कापडात गुंडाळून खणात ठेवले. इतिहासाच्या संग्रहालयातून एक माणूस मला मागायला आला होता. तिने नाही म्हटले.

आता लेनोरा पंच्याऐंशीच्या पुढे आहे. गुडघे गेले आहेत, गाडी चालवता येत नाही. निवडणूक आली की तिच्या दूरदर्शन संचावर दिवसभर जाहिराती चालतात. या एका जागेसाठी दोन्हीकडून मिळून चार कोटी डॉलर खर्च होत आहेत, असे परवा बातम्यांत सांगत होते. दिवसातून सहादा फोन वाजतो आणि कुणीतरी तिच्याकडे पाच डॉलर मागते. यंदा आमच्या वस्तीतले मतदान केंद्र बंद झाले. नवे केंद्र अकरा मैलांवर आहे. चार कोटींतून तेवढे पेट्रोल अजून कुणाला सुचलेले नाही. मला तिथे घेऊन चला, असे लेनोरा कुणाला सांगणार नाही. तिला मिंधे होणे आवडत नाही. ती रोज कॅलेंडरकडे पाहते आणि काठी घेऊन अंगणाच्या फाटकापर्यंत चालून येते, पुन्हा चालून येते. मला तिची पावले ऐकू येतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे माझ्यासारखे सगळेच सांगतात. मला जपू नका. माझ्यावर हिरवा थर चढला तरी चालेल. पण तुमच्याकडे गाडी असेल, तर मंगळवारी, मतदानाच्या सकाळी, लेनोराच्या दारात या. कोणाला मत देणार, असे विचारू नका. नुसते दार उघडून धरा.